आता तुझी सही नको म्हणतात

रत्ना, काल दुपारी गुडगावच्या ऑफिसची मेल आली. तू गेल्याचं कळून कंपनीला अतिशय दुःख झालं म्हणे. ते दुःख एका ओळीत आटोपून दुसऱ्या ओळीत त्यांनी लिहिलंय की दोन भागीदारांपैकी एक हयात नसल्यामुळे माफीनाम्यावर आता एकीचीच सही पुरेशी आहे, आणि ती त्यांच्याकडे आहेच. मी फक्त 'होय' कळवायचं. तेवढ्यावर प्रकरण बंद होईल, फ्रँचायझी चालू राहील, आणि जपानी नूडल्सचं आपलं दुकान रायपूरच्या शंकर नगरात आहे तिथंच राहील.

म्हणजे अडचण तुझीच होती, ती दूर झाली. ज्या कागदावरून अडीच महिने आपण दोघी एकमेकींशी धड बोललो नाही, तो कागद तुझ्या मरणानं सुटला. मी विलासला मेल वाचून दाखवली. त्यानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "ताई, तुले जे बरं वाटते ते कर." तुझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ. जन्मात त्यानं कोणाला दुसरं काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

गेलेल्या माणसावर रागावू नये, असं परवा भेटायला आलेल्या सगळ्या बायका मला सांगून गेल्या. मी रागावले आहे. कंपनीवर आहे, स्वतःवर आहे, आणि तुझ्यावर तर आहेच. माणसानं भांडण अर्ध्यावर टाकून जाऊ नये. सकाळी रस्सा चढवलास, दहा वाजता डोकं दुखतंय म्हणालीस, आणि तिसऱ्या दिवशी तू नव्हतीस. ह्यात मला माझं म्हणणं मांडायला वेळ कुठे मिळाला?

ह्या सगळ्याची सुरुवात तुझ्या लेकीनं केली. श्वेता बेंगळुरूहून नोकरी सोडून आली तीच हे खूळ घेऊन. "रायपुर में एक भी नहीं है बुआ, एक भी नहीं," असं ती मला जेवताना, चहाच्या वेळी, देवपूजेच्या वेळी सांगायची. मी नुकतीच सिंचन खात्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली आणि आता काय करायचं ते सुचत नव्हतं. तू मात्र फोनवरचा तो फोटो जवळ धरून बघितलास आणि एवढंच म्हणालीस, "हे तर आपल्या शेवयाच हायेत. रश्श्यात टाकल्या." मी हसले. तू हसत नव्हतीस.

गुडगावचं ट्रेनिंग तीन आठवड्यांचं होतं. लग्न होऊन तू आमच्या घरी आलीस त्याला पंचवीस वर्षं झाली होती, पण आपण दोघी एका खोलीत पहिल्यांदाच राहिलो. शिकवायला जपानहून एक म्हातारे आचारी आले होते. त्यांचं नाव आपल्याला कधीच नीट म्हणता आलं नाही, म्हणून तू त्यांना गुरुजी करून टाकलंस. दुसऱ्या दिवशी त्यांनी कच्च्या नूडल्स सगळ्यांच्या हातावर दिल्या. बाकीच्यांनी वास घेतला. तू सरळ तोंडात टाकल्यास, चावल्यास, आणि भर वर्गात माझ्याकडे वळून म्हणालीस, "ताई, यात पापडखार हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुला कोपरानं ढोसलं. पण तू काही ऐकतेस थोडीच. दुभाष्या पोरीला तू पापडखार म्हणजे काय ते समजावत बसलीस. उडीद म्हणजे काय इथपासून सुरुवात केलीस. तिनं काय भाषांतर केलं कोण जाणे, पण म्हातारबाबा एकदम उठले, तुला आत घेऊन गेले आणि एका डब्यातली पांढरी पूड दाखवली. तू बोट लावून जिभेवर ठेवलंस आणि मान डोलावलीस. तेही डोलवायला लागले. त्यांच्याकडेही पिठात खाराचंच पाणी घालतात, त्यानंच नूडल्सना तो पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो. त्यानंतर तीन आठवडे ते काहीही दाखवायचं झालं की आधी तुझ्याकडे बघायचे. मी त्या वेळी कौतुक करायला हवं होतं. मी खोलीवर येऊन तुला म्हटलं, "चारचौघांत जरा नीट बोलत जा."

दुकान उघडलं तेव्हा कामाची वाटणी आपोआप झाली. स्वयंपाकघर तुझं, कागद माझे, आणि बाकी सगळं श्वेताचं. कंपनीची जाडजूड नियमावली मला मनापासून आवडली हे कबूल करते. रस्सा किती तास उकळायचा, वाडगा किती गरम हवा, नूडल्स किती सेकंदांनी काढायच्या, सगळं त्यात होतं. तू ती कधी उघडली नाहीस, पण रश्श्यात कधी कमीजास्तही केलं नाहीस. गुरुजींनी शिकवला तसाच कोंबडीच्या हाडांचा रस्सा तू रोज पहाटेपासून शिजवलास. हे मी कंपनीलाही लिहून कळवलं होतं. तेवढा न्याय मी तुला दिला.

लिंबाचं मात्र तू ऐकलं नाहीस. नियमात लिंबू नव्हतं आणि आपल्या लोकांना लिंबावाचून घास उतरत नव्हता. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधले ते सुपरवायझर आठवतात ना, दर शनिवारी बायकोला घेऊन यायचे आणि "दीदी, थोड़ा खट्टा हो जाता" म्हणायचे? तू काउंटरखालून फोड काढून त्यांच्या बशीत ठेवायचीस आणि मी दुसरीकडे बघायचे. तेवढ्यापुरतं आपलं जमलं होतं. खरं सांगते, ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती. सकाळी उठून जायला जागा होती आणि तिथे कोणीतरी "ताई, चहा घेतला का?" विचारणारं होतं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आपल्या घरात असलं बोलायची पद्धत नाही.

मग मे महिन्यातला तो रविवार आला. नूडल्स कंपनीच्याच वापरायच्या, हा करारातला पहिला नियम. त्या गोठवलेल्या यायच्या, थंड गाडीतून. त्या दिवशी गाडी शहराच्या वेशीवर भनपुरीला येऊन बंद पडली आणि थंडावाही बंद पडला. ड्रायव्हरचा फोन येईपर्यंत चार तास झाले होते. श्वेता जाऊन बघून आली. पेट्यांमध्ये नुसता लगदा होता. अशा वेळी काय करायचं तेही नियमावलीत होतं: माल फेकायचा, दारावर पाटी लावायची, दुकान बंद ठेवायचं. मी पाटी लिहायला घेतली.

संध्याकाळी एका कुटुंबाचं बुकिंग होतं. आजोबांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता, पंचवीस माणसं यायची होती. तू माझ्या हातातलं मार्कर काढून घेतलंस. "पंचाहत्तर वर्षाच्या माणसाले उपाशी धाडता का ताई?"

"उपाशी काहून? दुसरीकडे जातील."

"इथं येतो म्हणले ना ते."

आणि तू घरी जाऊन शेवयांची पितळी मशीन घेऊन आलीस. सोबत आपल्या पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या तिघी बायकाही आणल्यास. मैद्यात पापडखाराचं पाणी घालून तू पीठ इतकं घट्ट मळलंस की मनगटं दुखायला लागली असतील. मशीनला जाड छिद्रांची चकती लावलीस. एक बाई दांडा फिरवायची, एक खाली परात धरायची, एक मैदा भुरभुरवायची, आणि तू मध्ये उभी राहून कोणाचं चुकतंय ते सांगत होतीस. उन्हाळ्यात दरवर्षी घरोघरी होतं तेच काम. फरक एवढाच की बाहेर आपल्या डोक्यावर एका जपानी कंपनीचा बोर्ड होता आणि मी काउंटरवर बसून करार वाचत होते.

संध्याकाळ झकास झाली. आजोबांनी दुसरा वाडगा मागितला. रोज येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "आंटी, आज कुछ अलग है क्या? अच्छा है." तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिघी बायका स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून हसत होत्या.

आणि दुकान बंद करताना मी रोजचा तक्ता भरला. नूडल्सचा बॅच नंबर, ह्या रकान्यात मी लिहिलं: 'पुरवठा खराब झाल्याने आज नूडल्स जागेवर हाताने तयार केल्या.' फोटो काढून गुडगावला पाठवला, रोज पाठवते तसा.

तू मला एकच विचारलंस. "लिहिलं काहून?"

"झालं ते लिहिलं. खोटं लिहू का?"

"रकाना कोरा ठेवता आला असता."

तीस वर्षांत मी एक रकाना कोरा ठेवला नाही, हे मी तुला ऐकवलं. अगदी ठसक्यात ऐकवलं. पण आता तू नाहीस तर सगळंच सांगते. नुसती खऱ्याची चाड नव्हती ती. त्या दिवशी सगळे तुलाच शोधत होते, तुलाच नमस्कार करून जात होते, आणि नियम काय सांगतो हे मला एकानंही विचारलं नव्हतं. मला हेवा वाटला. पाठवायचं बटण दाबताना बरं वाटलं मला.

आठ दिवसांत नोटीस आली. त्यासोबत माफीनामा, छापील, दोघींच्या सहीला जागा ठेवलेला. त्यात लिहिलं होतं की आम्ही ग्राहकांना हलक्या दर्जाचे व असुरक्षित अन्न दिले, त्याबद्दल आम्ही खेद व्यक्त करतो. श्वेतानं तुला हिंदीत वाचून दाखवलं. तू पुन्हा एकदा वाचायला लावलंस.

"न विचारता केलं असं लिहा, सही करीन," तू म्हणालीस. "कंपनीचा नियम मोडला लिहा, तरी करीन. पण हलकं खाऊ घातलं हे नाही लिहून देणार मी. कोणाचं पोट दुखलं? कोणी टाकलं?"

मी गुडगावला फोन केला, हे तुला माहीत आहे. तिथल्या मुलानं गोड आवाजात सांगितलं की हा ठरलेला मसुदा आहे, सगळ्या देशांत हाच चालतो, ह्यातला शब्द बदलता येत नाही. मला ते पटलं. मसुदा म्हणजे मसुदा, अशीच माझी सगळी नोकरी झाली. मी सही करून टाकली, फोटो काढून गुडगावला पाठवला आणि कागद तुझ्यापुढे सरकवला.

"वाचून केली?"

"वाचून केली."

तू कागद वाचला नाहीस, परतही दिला नाहीस. गल्ल्याशेजारच्या खणात ठेवून दिलास. त्यानंतर तुझ्या तोंडून 'ताई' फक्त गिऱ्हाइकांसमोर ऐकू यायचं. मी दर सोमवारी विचारायचे, केली का सही. तू रस्सा ढवळत असायचीस. मी तुला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. अडाणी म्हटलं. एका शब्दापायी पोरीचं भविष्य बुडवतेस म्हटलं. तू एकदाच उलटून बोललीस, "तिले तरी कळू द्या ना का तिच्या मायनं काय खाऊ घातलं." मला तेव्हा तो निव्वळ हट्ट वाटला. अजूनही थोडा वाटतो. त्या खणातून कागद काढून एक रेघ मारायची होती, रत्ना, एवढंच होतं. मी दवाखान्यातसुद्धा तुझ्या उशाशी बसून हेच मनात म्हणत होते, आणि मग माझी मलाच लाज वाटली.

आज सकाळी श्वेता माझ्याजवळ येऊन बसली. तिनं तुझा तो निळा ॲप्रन घातला होता. "बुआ, यस लिख दो ना," ती म्हणाली. "मम्मी की दुकान है." तिचं बरोबर आहे. तिनं नोकरी सोडली, दोन वर्षं राबली. तिला दुकान हवंय आणि मला द्यायचंय. 'होय' लिहायला काय लागतं? मी कॉम्प्युटरपुढे बसले. तासभर बसले.

माझ्याच्यानं लिहिलं गेलं नाही, आणि त्याचं कारण तुलाही माहीत नाही.

पावसाळा लागल्यावर एक दिवस आपण दोघीच दुकानात होतो. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. तू टेबलं पुसत होतीस. मध्येच थांबून, माझ्याकडे न बघता तू विचारलंस, "ताई, एक सांगा. त्या दिवशी तुमाले कशा लागल्या?"

मी म्हटलं, "चांगल्या होत्या."

तू हातातलं फडकं ठेवलंस. "मंग?" एवढंच म्हणालीस. मी नियमांवर बोलत राहिले. तू पुन्हा फडकं उचललंस.

रत्ना, मी त्या खाल्ल्याच नव्हत्या. पंचवीस माणसं जेवून गेल्यावर तू माझ्या टेबलावर वाडगा आणून ठेवला होतास, मोठा, वरून कांद्याची पात घातलेला. तू आत वळल्याबरोबर मी तो उचलून भांडी घासायच्या मोरीत ओतला. रागानं. नियमाबाहेरचं अन्न मी तोंडात घालणार नाही म्हणून. तक्त्यात खोटं लिहायचं नाही म्हणून मी तुझा गळा कापला, आणि तू सरळ विचारलंस तेव्हा तुझ्या तोंडावर खोटं बोलले. आणि त्याच हातानं त्या नूडल्स हलक्या दर्जाच्या होत्या असं सही करून दिलं. त्या कशा होत्या ते पाऱ्यातल्या तिघींना माहीत आहे, त्या आजोबांना माहीत आहे, रोज येणाऱ्या त्या मुलीला माहीत आहे. मला माहीत नाही. आता कळणारही नाही.

तर मी कंपनीला पत्र लिहिलं. मला येतं त्याच भाषेत लिहिलं: सदर दिवशीचे अन्न हलक्या दर्जाचे होते असे मी लिहून दिले आहे. ते अन्न मी चाखलेले नाही. सबब त्याच्या दर्जाबाबत काहीही लिहून देण्याचा मला अधिकार नव्हता. माझी सही रद्द समजावी. नियम मोडला हे मान्य आहे, ते माझ्या भावजयीलाही मान्य होते.

पाठवण्याआधी श्वेताला वाचून दाखवलं. मोरीचंही सांगितलं. ती रडली, मग नाक पुसून म्हणाली, "इस पर तो मम्मी पहले ही दिन साइन कर देती." मी पत्र पाठवलं. बोर्ड उतरवायला माणसं कधी येतील ते कंपनी कळवेल. पुढे काय करायचं ते श्वेता ठरवेल, मी तिच्या पाठीशी आहे. ह्या वेळी खरंच आहे.

मला एकच गोष्ट राहून राहून छळतेय. त्या दुपारी तू टेबलं पुसत होतीस तेव्हा मी खरं सांगितलं असतं, तर तू माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्यास. दोन दिवस माझ्याकडे पाठ करून काम केलं असतंस. आणि तिसऱ्या दिवशी, मला ओळखत होतीस ना तू, पीठ मळून एकट्या माझ्यापुरत्या पुन्हा केल्या असत्यास.